मनातल्या टीमचा तिसरा फॉरवर्ड

गौराक्कांनी मला नाव विचारलं ते मी त्यांच्याकडे राहायला आल्यावर चार-पाच दिवसांनी. माझी जागा मात्र त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच ठरवून टाकली होती.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्यांची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या मागे त्यांचं घर, आणि वर एक खोली नि गॅलरी. ती खोली मी भाड्यानं घेतली होती. बॅग घेऊन गिरणीच्या दारात उभी राहिले तेव्हा पट्ट्याचा आवाज एवढा होता, की मी मारलेली हाक माझी मलाच ऐकू आली नाही. बायका दळणाचे डबे घेऊन येत होत्या आणि मी प्रत्येकीला वाट देत भिंतीकडे सरकत होते. शेवटी आक्कांचंच लक्ष गेलं. जांभळी साडी, कमरेला खोचलेला पदर, भुवया आणि पापण्या पिठानं पांढऱ्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"समद्यांस्नी पुढं जाऊ दिलीस आणि सोता भितीला लागलीस," त्या म्हणाल्या. "बॅक हाईस पोरी तू. जन्माची बॅक. जा वर, खोली उघडी हाय."

मला काहीच कळलं नाही. मी वारणानगरच्या कॉलनीत वाढलेली, इंग्लिश मीडियमची. 'सदुसष्ट' म्हटलं की अजूनही मनात क्षणभर थांबावं लागतं. पुण्यात शिकून राजारामपुरीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला लागले होते. लोकांनी मला शांत म्हणावं आणि पुढे जावं, एवढीच माझी त्यांच्याकडून अपेक्षा असायची. गौराक्का पुढे गेल्या नाहीत.

जगातली सगळी माणसं त्यांनी फुटबॉलच्या मैदानावर उभी केली होती. पोस्टमन विंगर, कारण तो कडेकडेनं पळतो. गल्लीत कोपऱ्यावर ज्याचं सरबताचं दुकान होतं तो बंडा सेंटर हाफ, कारण "समद्यात पाय घालतोय". मतं मागायला येणारे लोक कायम ऑफसाइड. त्यांचे यजमान अण्णा तर खरेच गोलकीपर होते. तरुणपणी तालमीच्या टीमचा गोल सांभाळलेले. आता ते गिरणीत बसून डब्यांचे नंबर लावायचे. त्यांना कशाबद्दलही मत विचारलं तरी उत्तर एकच : "मी गोलकीपर. आलेलं अडवायचं. मत पुढच्यांनी द्यायचं."

घरातला फॉरवर्ड म्हणजे त्यांचा मुलगा सागर. फाउंड्रीत कामाला, आणि दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की तालमीच्या टीमचा नऊ नंबर.

कोल्हापूरच्या पेठांतून कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलच्या टीम उभ्या केल्यात. कुठली टीम आपली, हे माणूस ठरवत नाही, जन्माला येतानाच ते ठरलेलं असतं. तालमींची नावं मी इथे घेत नाही. नाव घेतलं की बाजू घेतली असं होतं. आमच्या तालमीची जर्सी जांभळी आणि दोन गल्ल्या पलीकडच्या तालमीची पोपटी, एवढं पुरे. पोपटी हा आक्कांच्या लेखी रंग नव्हता, रोग होता. गिरणीत पोपटी झाकणाचा डबा आला तर तो रांगेत शेवटी जायचा. परगावची एखादी नवी सून विचारायची, "मावशी, माझा नंबर आधी होता की?" आक्का पट्ट्याच्या आवाजावरून ओरडायच्या, "झाकण बदल, नंबर येईल!" माहेरच्या, कुरुंदवाडच्या एका लग्नात त्यांना मानाची साडी मिळाली ती नेमकी पोपटी. त्या भर मांडवात म्हणाल्या, "यव्वा! ह्यापरीस मला नुसता नारळ द्या." साडी परत गेली आणि त्या रुसल्या अशी पाहुण्यांत समजूत झाली. खरं कारण सांगितलं असतं तरी कुरुंदवाडात कुणाला पटलं नसतं.

आमच्या दोघींचं जमलं ते माझ्या फोनमुळे. त्या पहिल्या वर्षी गिरणीसमोरच्या कट्ट्यावर बसून मी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर फोनवर एक खेळ खेळत होते. परदेशातली लीग सुरू होण्याआधी प्रत्येकीनं वेगवेगळ्या क्लबांतले खेळाडू उचलून आपली एक टीम बनवायची. मग खऱ्या मॅचमध्ये त्या खेळाडूनं गोल केला की गुण आपल्याला. गोलकीपर, बॅक वगैरे पटकन निवडून व्हायचे. घोडं अडायचं ते फॉरवर्डपाशी. तीनच घेता येतात, आणि बाहेर ठेवलेला चौथा नेमका गोल करतो. मी अर्ध्या तासापासून दोन नावांमध्ये अडकले होते.

"कुणाचं स्थळ बघालीस का?" आक्कांनी मागून विचारलं.

मी कशीबशी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "म्हंजे टीम मनातली, पण गोल खरा?"

इतक्या वर्षांत मला ते इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मी मान डोलावली. आक्का उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी गिरणी बंद केली. लाइट गेल्याशिवाय ती गिरणी दळण अर्धं सोडून कधी थांबलेली नव्हती. गल्ली एकदम शांत झाली आणि लोक काय झालं म्हणून बाहेर आले.

"ए बंडा, हिकडं ये! ही पोरगी एक खेळ शिकवतीया. आपल्या लीगवर खेळायचा. परदेशातली पोरं कशाला? आपली काय मेलीत?"

असा आमच्या गल्लीत 'मनातल्या टीम'चा खेळ सुरू झाला आणि मी कुणी न विचारता त्याची पंच झाले. गुण मोजायचे, ग्रुपवर टाकायचे, भांडणं मिटवायची. भांडणं मिटवणं मला जमत नव्हतं. मी नियमच एवढे स्पष्ट केले की भांडायला जागा उरू नये. अकरा खेळाडू, त्यात तीन फॉरवर्ड, आणि एका तालमीचे फॉरवर्ड दोनपेक्षा जास्त नाहीत.

शेवटचा नियम आक्कांनी मला दोनदा म्हणायला लावला.

"म्हंजे तिसरा परक्याचा घ्यायचा?" आक्का म्हणाल्या.

"हो. नाहीतर सगळ्यांच्या टीम सारख्याच होतील."

"आणि त्यानं आमच्यावरच गोल घातला तर?"

"तर गुण तुम्हाला."

"आमच्यावर गोल पडला म्हणून मला गुण?" त्यांनी बंडाकडे पाहिलं. "हिला इंग्लिशमधनं शिकवलंय, म्हणून असं हुतंय."

पण खेळ त्यांना सुटेना. सीझनच्या आधीचे ते दिवस म्हणजे गल्लीला दुसरी दिवाळीच. आक्का सकाळी मला उठवून मैदानावर घेऊन जायच्या. मैदानाच्या एका टोकाला जांभळे सराव करत, दुसऱ्या टोकाला पोपटी, मधल्या भागात बाकीचे. त्या पायरीवर बसायच्या आणि एकेका पोराला दळणासारखं चाळून काढायच्या. फॉरवर्ड निवडायचे त्यांचे कायदे ठरलेले होते. "बॉल हुकल्यावर कोण काय करतंय ते बघ. जो बुटाकडं बघतोय त्यो घ्यायचा न्हाय, चूक बुटाची नसती. जो रेफ्रीकडं बघतोय त्यो तर अजिबात न्हाय. जो परत बॉलकडंच पळतोय, त्यो आपला." दुसरा कायदा : "फॉरवर्ड भुकेला पायजे, पण उपाशी नको." आणि तिसरा, मला उद्देशून : "लाजरा फॉरवर्ड म्हंजे बंद गिरणी. नुसता पट्टा फिरतोय, पीठ न्हाय."

इतके कायदे असून आक्कांची टीम तळाला असायची, कारण तिसरा फॉरवर्ड निवडताना त्या सगळे कायदे गुंडाळून ठेवायच्या. जो आमच्या तालमीवर गोल करण्याची सुतराम शक्यता नाही, तोच त्यांना हवा असायचा. पहिल्या वर्षी त्यांनी सगळ्यात दुबळ्या टीममधला एक पोरगा घेतला. तो अख्खा सीझन बुटाकडे बघत राहिला.

दुसऱ्या वर्षी मात्र त्यांचा जीव सॅम्युअलवर जडला. आमच्याकडच्या टीम हल्ली आफ्रिकेतून खेळाडू आणतात. सॅम्युअल पिवळ्या जर्सीच्या टीमकडून आला होता आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला राहत होता. त्याला सरावात पाहून आक्का उभ्याच राहिल्या. "गडी पळत न्हाय गं. मैदानच त्याच्या खालनं पळतंय!" जांभळ्यांवर त्यानं गोल केला तर काय, हा विचार त्यांनी पहिल्यांदाच बाजूला ठेवला. "बघू तवाचं तवा. असला फॉरवर्ड सोडला तर देव इचारंल."

आता आपल्या टीममध्ये घेतलेला माणूस मनातला असला म्हणून काय झालं, त्याला उपाशी ठेवायचं? पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी आक्का डबा घेऊन त्याच्या दारात गेल्या. मला दुभाषी म्हणून ओढत नेलं. "पावणं, जेवलासा काय?" मी भाषांतर करायच्या आत त्यांनी ताट वाढलंसुद्धा. ज्वारीची भाकरी, दही, आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. सॅम्युअल मोठा सभ्य मुलगा. पहिल्या घासाला त्याचे डोळे भरून आले, तरी तो "गुड, गुड" म्हणत राहिला. आक्कांना वाटलं त्याला घरची आठवण आली. त्यांनी आणखी खर्डा वाढला.

दुसऱ्या दिवशी सॅम्युअल मॅचला आला नाही. अंथरूण आणि मोरी याशिवाय तो कुठेच गेला नाही.

"आक्का," बंडा भर रस्त्यात ओरडला, "साऱ्या कोल्हापूरच्या डिफेन्सला जमणार न्हाय ते तुमच्या खर्ड्यानं केलं! सोताचाच फॉरवर्ड आडवा केलासा!"

"त्यात खर्ड्याचा काय दोष?" आक्का तेवढ्याच जोरात म्हणाल्या. "पोट बघून घ्यायला पायजे हुता. पाय बघूनच भुलले मी." पण पुढे आठवडाभर त्या रोज त्याला ताकभात पोचवत होत्या. तो बरा झाला आणि गिरणीवरून जाताना आक्कांना वाकून "नाद खुळा, आक्का!" म्हणायला लागला. ते त्याला बंडानं शिकवलं होतं. वर्षाच्या शेवटी तो गेला तेव्हा आक्कांनी त्याला निरोपाला लोणी दिलं. खर्डा दिला नाही.

त्याच सीझनमध्ये आमच्या तालमीनं गडहिंग्लजहून एक नवा फॉरवर्ड आणला आणि सागर बाहेर बसायला लागला. मॅच संपली की कोरडी जर्सी घेऊन घरी यायचा. आक्का ती जर्सी तरीही धुवायच्या, नेहमीसारखी, दगडावर आपटून.

मग माझी तिसरी दिवाळी आली. भाऊबीजेला मी गावी गेले नव्हते, म्हणून आक्कांनी जेवायला बोलावलं. सागरनं दोन घास खाल्ले आणि ताटाकडे बघत म्हणाला, "आई, मी ह्या वर्षी तिकडं नोंदणी केलीया."

"तिकडं म्हंजे कुठं?"

कोल्हापुरात 'तिकडं' एकच असतं.

"नऊ नंबर देतो म्हणलेत," तो म्हणाला. "हितं बसून माझं पाय गंजाल्यात गं. अजून किती सीझन हायत माझ्यात? मला खेळायचं हाय."

अण्णांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. आक्कांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "मी गोलकीपर." पण या वेळी ते हसले नाहीत. ह्या घरातल्या तीन पिढ्या जांभळ्यात खेळलेल्या. बाहेरच्या खोलीत सासऱ्यांचा, अण्णांचा आणि सागरचा टीमबरोबरचा फोटो ओळीनं लावलेला होता.

आक्का माझ्याकडे वळल्या. "त्याला सांग," त्या म्हणाल्या, "भात घ्यायचा असला तर घे म्हणावं."

सागर माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता.

त्या दिवसापासून त्या त्याच्याशी थेट बोलेनात. जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत. मी संध्याकाळी ऑफिसमधून आले की जिन्यातच अडवायच्या. "त्या पोपटाला सांग, भाकरी गार झाली तर मला बोलायचं न्हाय. मी काय त्याच्या टीमची आचारी न्हाय." मी मागच्या खोलीच्या दारात जाऊन सांगायचे, "जेवायला बोलावलंय."

"असं म्हणाली?"

"साधारण."

मला कुणाच्या भांडणात उभं राहायला आवडत नाही. म्हणून जाताना मी त्यांच्या वाक्यांतले काटे काढून टाकायचे. सागर मात्र माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखायचा, की मूळ माल बराच मोठा होता.

पोपटी जर्सी धुवायचा प्रश्न आला. ती घरच्या दोरीवर पडणार नव्हती, हे कुणी न सांगताही सगळ्यांना माहीत होतं. एका सकाळी सागर वर आला, पायाकडे बघत म्हणाला, "गॅलरीत घालू का सुकायला?" मी हो म्हटलं. खाली आले तर आक्का अंगणात उभ्या राहून वर बघत होत्या.

"माडीवर पोपट बसलाय वाटतं."

"काढायला सांगू?"

त्या बराच वेळ वर बघत राहिल्या. "बसू दे. गॅलरी तुझी हाय. मी कोण बोलणार?" आणि आत जाता जाता, "काखंत साबण तसाच ऱ्हायलाय. धुता पन येत न्हाय."

गल्लीनं त्यांना काही बोललं नाही, तेच त्यांना जास्त लागलं. बंडा हळू आवाजात म्हणायचा, "आक्का, तुमचा काय दोष न्हाय त्यात." बंडा हळू आवाजात बोलतोय म्हणजे घरात काहीतरी वाईट झालंय, असं वाटायचं.

सराव सुरू झाला आणि आम्ही पुन्हा मैदानावर जायला लागलो. ह्या वर्षी आक्का पायरीवर आडव्या बसायच्या. तोंड जांभळ्यांकडे, पाठ पोपट्यांकडे. दोन फॉरवर्ड तर जांभळ्यांतलेच घ्यायचे होते. तिसऱ्यासाठी त्यांनी बाकीच्या टीम चाळल्या आणि सगळ्या टाकल्या. एक बुटाकडे बघणारा, एक रेफ्रीकडे बघणारा, एक "नुसता केसांचा". मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "माझ्या पाठीमागं काय चाललंय गं?"

मी वळून पाहिलं. "शूटिंगचा सराव."

"कोण मारतंय?"

"सागर."

"कुठल्या पायानं?"

"डाव्या."

"डाव्या?" त्यांची मान किंचित वळली आणि परत जागेवर आली. "त्याचा डावा लाकडाचा हाय. गेला?"

"गेला."

"कुठनं?"

"खांबाला घासून. आतून."

"परत मारतोय?"

"हो. पुन्हा डाव्यानं." मी बघता बघता उभी राहिले होते, ते मला नंतर कळलं. "हा हुकला. पण तो पळालाय आक्का, बॉलच्या मागेच पळालाय. परत आणला. मारला! गेला!"

"वरडू नकोस," आक्का म्हणाल्या. "लोक बघाल्यात." मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी ओरडू नकोस म्हणत होतं. आणि त्यांच्या स्वतःच्या मुठी मांडीवर इतक्या घट्ट आवळलेल्या होत्या, की बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

वेळापत्रक लागलं. पहिलीच मॅच, जांभळे विरुद्ध पोपटी.

मॅचच्या आधीचा सोमवार म्हणजे टीम जाहीर करायचा दिवस. सोमवारी गिरणी बंद असे. एकेकानं पुढे यायचं, गिरणीच्या तोंडावर, जिथे धान्य ओततात तिथे, हात ठेवायचा आणि नावं मोठ्यानं सांगायची. एकदा त्या तोंडात पडलेलं परत निघत नाही, तसं एकदा घेतलेलं नाव बदलायचं नाही. हा कायदा आक्कांचाच. अख्खी गल्ली गिरणीत कोंबलेली होती. सगळे आपापली टीम सांगून मोकळे झाले. तिसरा फॉरवर्ड म्हणून सागरचं नाव एकानंही घेतलं नव्हतं. सागर स्वतः फाउंड्रीत, दुसऱ्या पाळीला.

आक्का शेवटी आल्या. गोलकीपर, बॅक, हाफ भराभर झाले. जांभळ्यांतले दोन फॉरवर्ड त्यांनी घेतले, एक थकलेला म्हातारा गडी आणि एक मिसरूड फुटलेला पोरगा.

"आक्का, गडहिंग्लजच्याला घेतलं न्हाईसा?" बंडानं विचारलं. "टीमचा मेन फॉरवर्ड हाय त्यो."

"मला पटत न्हाय."

"का वो? लई गोल घालतोय की."

"न्हाय पटत म्हणलं न्हवं!"

सागरची जागा ज्यानं घेतली त्याला आक्का का घेत नाहीत, हे गिरणीतल्या प्रत्येकाला कळलं. कुणी हसलं नाही.

"तिसरा?" मी विचारलं.

आक्कांनी गिरणीच्या तोंडावरचा हात काढला, परत ठेवला. "ह्या वर्षी दोघांवरच भागवू या. तिसरा नको मला. पंच, नेम बदल."

सगळे माझ्याकडे वळले. एरवी मी कुणासाठीही वाट सोडली असती, हा नियम तर माझाच होता. मला त्यांच्या मुठी आठवल्या.

"नियम बदलणार नाही," मी म्हटलं. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तीन म्हणजे तीन. आणि आक्का, तुमचाच कायदा आहे, जो परत बॉलकडे पळतो तो आपला. तुम्ही ह्या वर्षी असा एकच पाहिलाय."

"मी कुठं बघितलाय? पाठ हुती माझी."

"मी सांगत होते की."

आक्कांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा डब्यांच्या फळीला टेकून बसले होते. ते सावकाश म्हणाले, "मी गोलकीपर. पण मला इचारशील, तर त्याचा डावा पाय मला आता अडवंना झालाय."

म्हणजे तेही सरावाला जात होते, कुणाला न सांगता.

"सागर," आक्का म्हणाल्या. मग सगळ्या गिरणीला दरडावून, "आई म्हणून घेतला न्हाय! डावा पाय बघून घेतला. काय समजलासा?"

"तुमची पाठ हुती की वो आक्का," बंडा म्हणाला, आणि इतक्या दिवसांनी तो त्याच्या नेहमीच्या, अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात हसला.

ती मॅच म्हणजे माझा कोल्हापुरातला शेवटचा रविवार. पुण्याला दुसरी नोकरी मिळाली होती, दुसऱ्या दिवशी सामान निघणार होतं. रविवारी दळणाला गर्दी असते. आक्का गिरणी बंद करून तशाच, पिठाच्या हातांनी आल्या. आम्ही जांभळ्यांच्या गर्दीत बसलो. हलग्या, शिट्ट्या, कागदाचे तुकडे, मागून बंडाच्या आरोळ्या. समोरची गॅलरी पोपटी. सागर त्या रंगात मैदानात आला तेव्हा आमच्या बाजूनं "पोपट! पोपट!" असा कल्ला उठला. आक्का सरळ समोर बघत होत्या.

पहिल्या हाफमध्ये सागरचा एक शॉट बारला लागून वर गेला. आमची गॅलरी नाचली. आक्का बसूनच होत्या. दुसरा हाफ सुरू झाला आणि सागरला डाव्या अंगाला बॉल मिळाला. समोर आमचा बॅक. सागरचा पहिला प्रयत्न त्या बॅकच्या पायाला लागून मागे आला. तो बुटाकडे बघत थांबला नाही, रेफ्रीकडे वळला नाही. बॉलच्या मागेच पळाला आणि डाव्या पायानं, खांबाला घासून, आतून!

समोरची गॅलरी फुटली. आमच्याकडे एकदम अंधार पडल्यासारखी शांतता. आणि त्या शांततेत माझ्या शेजारी, आक्कांच्या जांभळ्या पदराखालून, पिठाचा एक पांढरा लोट उठला. मग दुसरा. मग तिसरा.

बंडानं वाकून पाहिलं. "आक्का? टाळ्या वाजवालासा?"

"कुठल्या टाळ्या?" आक्का समोर बघतच म्हणाल्या. त्यांच्या पापण्यांवर पीठ होतं आणि पिठाला ओल आली होती. "पीठ झटकालीया. हाताचं."

शेवटच्या मिनिटांत गडहिंग्लजच्या त्या गड्यानं पेनल्टीवर बरोबरी केली. आमची माणसं एकमेकांच्या अंगावर पडली, आक्कांनीही दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, मग एकदम आठवून म्हणाल्या, "ह्याचं गुण मला न्हाईत न्हवं? घ्यायला पायजे हुता मुडद्याला."

मॅच सुटली. सागर मैदान ओलांडून आमच्या गॅलरीखालच्या जाळीपाशी आला आणि उभा राहिला. अजून थोडी शिवीगाळ चालली होती, तरी तो हलला नाही.

आक्कांनी माझ्या दंडाला धरलं. "त्याला सांग..."

"तुम्हीच सांगा, आक्का," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बॅक पुढं आली व्हय आज?" मग त्या उठल्या, जाळीपर्यंत गेल्या आणि आयुष्यभर गिरणीच्या पट्ट्याशी भांडून कमावलेला तो आवाज त्यांनी स्टेडियमवर सोडला.

"ए सागऱ्या! ती पयली बारवर कशाला घातलीस रं? माझं गुण गेलं न्हवं! आणि लवकर घरला ये. भाकरी गार झाली तर मला बोलायचं न्हाय! मी काय तुझ्या टीमची आचारी न्हाय!"

सागरनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतके दिवस मी त्याला किती कमी सांगत आले होते, ते त्याला तेव्हा कळलं असावं. तो हसायला लागला, जाळीला धरून, थांबेचना.

बाहेर पडताना गर्दीत माझी नि त्यांची ताटातूट झाली. फाटकापाशी जांभळे आणि पोपटी एकमेकांत मिसळले होते. त्या गर्दीत मला आक्का पुन्हा दिसल्या. त्या पुढे, सागर मागे. मागे न बघता त्या त्याला काहीतरी ऐकवत होत्या आणि डावा पाय कसा वळवायचा ते एका हातानं दाखवत होत्या. दुसऱ्या हातानं अजून पदर झटकत होत्या. पीठ तर कधीच उडून गेलं होतं.